फट राहिली बाजूला

मंगळवार, रात्री साडेदहा

लेक आठ वर्षांची. पुढचे दोन पटाशीचे दात फावड्याएवढे, मधोमध फट, शेजारचा एक अर्धाच उगवलेला. गेले दोन महिने मी त्या फटीपायी झोप घालवून बसले होते. आज अखेर तिला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी फटीकडे जेमतेम एकदा पाहिलं. "ही राहू दे." हिरडीत वर दडलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटा देतात, म्हणून या वयात पुढचे दात फाकतात, अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की फट बहुतेकदा आपोआप मिटते. या अवस्थेला 'अग्ली डकलिंग', म्हणजे कुरूप बदकपिल्लू, म्हणतात, हे त्यांनी हळूच मला सांगितलं. लेकीच्या कानावर गेलं नाही, नशीब.

मग म्हणाल्या, "सावकाश दाढा मीट बघू." आणि दाढा टेकल्या तशी हनुवटी सर्रकन उजवीकडे गेली. रोज समोर बसून जेवते ही पोर! मला कधी दिसलंच नव्हतं. वरचा जबडा अरुंद, दाढा नीट बसत नाहीत, म्हणून ती जबडा सरकवून घास चावते. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर बसायला हव्यात, त्या आत बसताहेत. क्रॉसबाइट. हे मात्र थांबवून ठेवायचं नाही, कारण वाढत्या वयात चेहराही त्याच बाजूला कलू शकतो.

टाळूच्या मधोमध एक सांधा असतो, तो वयात येताना घट्ट होत जातो. त्याआधी टाळूला स्क्रूचं उपकरण बसवून जबडा रुंदावता येतो. किल्लीची एक फिरकी म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. मग जागा धरून ठेवायला ते काही महिने तसंच तोंडात. किल्ली फिरवायची कोणी, तर मी. सुईत दोरा ओवताना हात कापतो माझा.

घरी हे म्हणाले, "पुढे तारा लावाव्या लागल्या तर? मग एकदाच काय ते करू." अगदीच चूक नाही. तारांची गरज पुढेही पडू शकते, हे बाईंनीच कबूल केलं. वरचे दात नुसते पुढे आलेले असते, तर लवकर सुरुवात करून शेवटी फारसा फरक पडत नाही, फक्त पडल्या-झडल्यावर दात तुटायचा धोका कमी होतो, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पण दाढांचं गणित वेगळं आहे, हे यांना हनुवटी दाखवून पटवावं लागलं. तीनदा दाढा मिटवल्या पोरीकडून.

आणि गंमत अशी, टाळू रुंदावताना पुढची फट आधी आणखी वाढणार, मग हळूहळू मिटत येणार. लेकीला सांगितलं. तिने आरशासमोर जाऊन फटीला जिभेचं टोक लावून पाहिलं आणि विचारलं, "मग शिट्टी वाजेल?"