दहा मिनिटांचा ग्राउंड रन

गणपती होऊन गेले होते. रेडिओच्या एका सुट्या भागासाठी पावसाळाभर अडकून पडलेलं आमचं सेसना 172 पुन्हा उडायला लागलं होतं. मी देशावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे. इथल्या पोरांना दोनशे तास पुरे करायची घाई, त्यामुळे विमान एकदा हँगरबाहेर आलं की त्याला उसंत नसते. बघता बघता पन्नास तासांचं इन्स्पेक्शन येऊन ठेपलं.

तेल गरम असतानाच काढलं, आणि आमचा शिकाऊ पोरगा फिल्टर कापायला बसला. फिल्टर कापायचा कटर डबा उघडायच्या ओपनरसारखा कडेकडेने फिरवायचा असतो. हॅकसॉ चालत नाही. तिचाच चुरा आत पडतो, मग इंजिनचा कुठला आणि करवतीचा कुठला ते बसा शोधत. (हे धडे देताना माझे दोन फिल्टर वाया गेलेत.) आतला चुण्याचुण्यांचा कागद सोडवून त्याने उन्हात पसरला.

"सर, ह्यात चमकतंय."

तेलात भिजलेला कार्बनही चमकतो, म्हणून मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. पण कार्बन बोटांत चिरडला की काळं पीठ होतं, आणि हे चिरडेना. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या झाकणात सॉल्व्हेंट घेऊन कागद खळबळून धुतला आणि झाकणाखालून चुंबक फिरवला. कण चुंबकामागून मुंग्यांसारखे निघाले. अॅल्युमिनियम असतं तर जागचं हललं नसतं. भिंग लावून पाहिलं तर बाजरीच्या कोंड्यासारखे चपटे पापुद्रे, एक बाजू आरशासारखी, दुसरी खडबडीत. पोलादाच्या एखाद्या गुळगुळीत पृष्ठभागाची कातडी निघत होती.

तेलाच्या नमुन्याचा लॅब रिपोर्ट त्याआधीच आला होता आणि चांगला होता. त्यात नवल नाही. ती चाचणी तेलात तरंगणारे अगदी बारीक कण मोजते. मोठे पापुद्रे फिल्टरमध्ये अडकून बसतात, ते तिच्या हिशेबात येतच नाहीत.

विमान मी जागेवर थांबवलं. अर्ध्या तासात व्यवस्थापक साहेब हँगरमध्ये हजर, हातात गाडीच्या दुकानातून आणलेली एक बाटली. "अहो, माझ्या गाडीचं इंजिन ह्याने लोण्यासारखं झालंय. घालून बघा, दोन दिवस तरी काढू."

मला हसू आलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. गाडीच्या तेलात आणि अशा बाटल्यांत बरेचदा धातूंचे क्षार असतात. आमच्या इंजिनांत पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोठी, थोडं तेल कायम जळतच असतं. ते क्षार जळून राख उरते, राख तापून लाल होते, आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. म्हणून विमानाचं तेल राखविरहित. एरोशेल डब्ल्यू100 मधला 'डब्ल्यू' तेच सांगतो. तेलात मिसळायचं, झीज रोखणारं मंजूर अॅडिटिव्हही आहे, आमची इंजिनं बनवणाऱ्या लायकॉमिंगचं एलडब्ल्यू-16702, सहा औंसांचा डबा. जुन्या 172एन मधल्या ओ-320-एच2एडी इंजिनाला ते सक्तीचं आहे. एरोशेलच्या 15डब्ल्यू-50 तेलात त्याच्या तोडीचं द्रव्य कंपनीच घालून देते. आणि आमच्या विमानात आधीपासून तेच तेल होतं!

"मग तरी कसं झालं?" साहेबांनी विचारलं. मी गप्प. उत्तर मला कळायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर उतरवला. आरसा आणि टॉर्च घालून टॅपेटचा, म्हणजे कॅमशाफ्टवर टेकून व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा, चेहरा पाहिला. देवीचे वण असावेत तसे खड्डे. समोरचा इनटेकचा कॅम लोब, म्हणजे कॅमशाफ्टवरचा उंचवटा, टोकाला घासलेला. हा एक लोब समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उचलतो, म्हणून त्याच्यावर भार जास्त.

मी कपाटातून ग्राउंड रनचं, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून ठेवल्याचं, रजिस्टर काढलं. पावसाळाभर, दर सोमवारी: 'इंजिन चालवले, 10 मिनिटे, सर्व ठीक.' खाली माझी सही. विमान उभं राहून खराब होऊ नये म्हणून मी ते अगदी नेमाने करत होतो, आणि मनातून थोडा खूषही होतो.

लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरते. उड्डाणात तेल 165 अंश फॅरनहाइटच्या वर तासभर राहिलं तर ती उडून जाते. जमिनीवर दहा मिनिटांत कसलं तापतंय! इंजिन बंद केलं की ती वाफ थंड पोलादावर दव होऊन बसते. त्यात लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, तेल निथळलं की आधी तोच उघडा पडतो. म्हणजे दर सोमवारी मी त्याच्यावर पाणी शिंपडत होतो. नुसता ग्राउंड रन गंज वाढवतो असं लायकॉमिंगने आपल्या पत्रकात लिहून ठेवलंय. ते पत्रक मी वाचलेलं होतं. वर्षभर मी सिंगल ग्रेड तेल बरं की मल्टीग्रेड, यावर तावातावाने वाद घातले होते, आणि हे मात्र डोळ्यांखालून घालून विसरून गेलो होतो.

साहेबांना रजिस्टर दाखवलं. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "खर्चाचं सांगा." इंजिन उतरवून ओव्हरहॉलला गेलं, ऑइल कूलर नवा घेतला. जुन्याच्या नळ्यांत किती पापुद्रे दडलेत त्याची खात्री कोण देणार?

यंदा जूनमध्ये एक विमान पुन्हा अडकलं. या वेळी प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरून ते एकदा उडवून आणलं, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावले (त्यातले निळे दाणे ओलावा शोषला की गुलाबी होतात), ब्रीदर म्हणजे क्रँककेसची हवेची नळी आणि एक्झॉस्ट बंद केले, पंख्यावर पाटी टांगली: 'फिरवू नये.' कारण हाताने फिरवलं तरी सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पुसलं जातं. पोरगा रोज जाऊन बघतो. परवा रात्री त्याचा फोटो आला, निळे दाणे गुलाबी पडलेले. खाली लिहिलं होतं, "सर, तीन नंबरचा बदलू का?"