उलटी फिरणारी पुली

भांडुपच्या त्या गाळ्यात मला बोलावलं होतं ते ट्यूब बदलायला. "पोरं म्हणतात डोकं दुखतं. अहो, ट्यूबच्या सगळ्या पट्ट्या नव्या आहेत. तुम्ही बघा आणि चांगल्यातल्या चांगल्या ट्यूब टाकून द्या," शेठ फोनवर म्हणाले. एलईडीच्या ट्यूब तेव्हा लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. कारखान्यांत अजून साध्या ट्यूबलाईटचंच राज्य होतं.

मी पोचलो तेव्हा काम थांबलेलं होतं आणि सगळे एका पोराभोवती उभे होते. पोराला काही झालं नव्हतं, शर्टाची कॉलर तेवढी उसवली होती. ती मामांनी उसवली होती. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने टर्नर, लेथवर धातू कातणारे कारागीर. शेठसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. लेथचा पट्टा घसरत होता म्हणून मागचं गार्ड काढून ठेवलेलं. पोरगा पट्टा हाताने ओढून बघायला वाकला आणि मामांनी त्याला मागून कॉलर धरून खेचला. मोटर पूर्ण वेगात चालू होती.

"मशीन चालू आहे हे दिसलं नाही का रे?" शेठ ओरडत होते.

पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "थांबत आली होती, शेठ. उलटी, हळूहळू फिरत होती."

कोणीतरी हसलं. मी हसलो नाही, कारण पोरगा खरं बोलत होता. मी मोटर चालू करायला सांगितली आणि हात मागे बांधून पुलीसमोर उभा राहिलो. जुनी ओतीव पुली, वजन कमी करायला तिच्यात चार खिडक्या ठेवलेल्या. वरच्या ट्यूबच्या उजेडात त्या खिडक्या धूसर दिसत होत्या आणि सावकाश मागे सरकत होत्या. शेजारी ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर चालू असला की लेथचा आवाज वेगळा ऐकूही येत नाही. मग डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

यात भूतबाधा नाही, साधा हिशेब आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबमधला प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा मंदावतो आणि परत चढतो. आतली पावडर क्षणभर रेंगाळते म्हणून पूर्ण काळोख होत नाही आणि डोळ्याला लुकलुकणं कळत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच दुखतं. लेथची मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. उजेडाच्या एका चढापासून पुढच्या चढापर्यंत पुली पाव फेऱ्याला जराशी कमी फिरते. खिडक्या चार असल्यामुळे प्रत्येक वेळी एक खिडकी आधीच्या खिडकीच्या जागी येते, फक्त किंचित मागे. असे १०० चढ जोडले की डोळ्याला सेकंदाला एक उलटा फेरा दिसतो. मोटरवर भार कमी असेल तर तिचा वेग १५०० च्या जवळ सरकतो आणि पुली त्याहूनही सावकाश दिसते. बरोबर १५०० वर ती थांबलेलीच दिसेल. २००० आरपीएमवर तीन जबड्यांच्या चकचं, म्हणजे लेथवर काम पकडून फिरवणाऱ्या भागाचं, तेच होईल.

"आधी असं नव्हतं," मामा म्हणाले. ते बरोबरच होतं. पूर्वी प्रत्येक मशीनवर २४ व्होल्टचा पिवळा दिवा होता. दिव्याची तार तापलेली असते, दोन चढांच्या मध्ये ती फारशी निवत नाही, त्यामुळे उजेड बराचसा सलग राहतो. त्या दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर जळला, तो कोणी भरून आणला नाही, आणि रंगकाम केलं तेव्हा छताला ओळीने ट्यूब लावून टाकल्या. साध्या चोकच्या (चोक म्हणजे ट्यूबचा प्रवाह आवरणारा भाग), आणि सगळ्या एकाच फेजवर. म्हणजे सगळ्या एकदम चढणार, एकदम मंदावणार. गाळ्यात थ्री फेज कनेक्शन असताना!

शेठचा प्रश्न मात्र अजून तोच होता, ट्यूब कुठल्या कंपनीची घ्यायची? माझं उत्तर गिऱ्हाइकाला नेहमीच निराश करतं. ट्यूब शेवटी विचारा. आधी चोक कुठला, पट्टी कुठे टांगायची आणि खाली काय फिरतं ते ठरवा. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीची ३६ वॅटची ट्यूब चालेल. तिच्यावर ८६५ लिहिलेलं असलं तर थोडे जास्त पैसे द्या, कारण ७६५ पेक्षा तिच्यात रंग खरे दिसतात. तांबं, पितळ आणि गंज यांतला फरक टर्नरला कळायला हवा. यापलीकडे ट्यूबमध्ये निवडण्यासारखं फार काही नाही. तिची टोकं काळी पडली आणि ती खरोखरच फडफडायला लागली की बदलायची.

दुसऱ्या दिवशी शेठना घेऊन लोहार चाळीत गेलो. माझ्या पिशवीत पुठ्ठ्याची एक चकती असते. तिच्यावर काळे-पांढरे पट्टे काढलेत आणि मधून आगकाडी टोचली आहे. "आले चकतीवाले," काउंटरवरचा माणूस म्हणाला. साध्या चोकच्या ट्यूबखाली चकती भोवऱ्यासारखी फिरवली की पट्टे मध्येच थबकल्यासारखे दिसतात, उलटे सरकतात. चांगल्या इलेक्ट्रॉनिक चोकखाली सगळे पट्टे मिसळून करडा रंग होतो, कारण तो चोक ट्यूबला सेकंदाला वीस हजारांहून जास्त आवर्तनांनी चालवतो.

'चांगल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिला स्वस्त चोक लावला आणि चकतीवर पट्टे परत उमटले, जरा फिके. शेठ चक्रावले. "हा पण इलेक्ट्रॉनिकच ना?" आहेच. पण विजेतले चढउतार भरून काढणारा मोठा कपॅसिटर आत लागतो, आणि पैसे वाचवायचे असले की पहिली काट त्यावरच पडते. मग वेगाच्या आवर्तनांवरही तेच १०० चं ओझं चढून बसतं. खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. शेठनी कुतूहलाने तिथली एक एलईडी ट्यूबही लावून बघायला सांगितली. तिच्याखाली तर चकतीवरचे पट्टे जवळजवळ थांबलेलेच दिसले, म्हणजे लुकलुक आणखी जास्त. त्या दिवशीची खरेदी शेठनी स्वतः चकती फिरवून केली. घासाघीस मात्र करायची ती केलीच.

चोकचा दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. तोच कपॅसिटर तापून सुकतो. भांडुपच्या गाळ्याला वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली हात धरवत नाही, आणि आधीच्या माणसाने पट्ट्या पत्र्यालगत ठोकल्या होत्या. मी त्या साखळीने खाली घेतल्या. उजेडही जवळ आला आणि वारा खेळायला जागा राहिली. होल्डर सगळे बदलले. मुंबईच्या दमट हवेत होल्डरच्या पत्त्या गंजतात, पिना सैल बसतात आणि माणूस ट्यूबला दोष देत राहतो.

मशीनवरच्या पट्ट्यांना ते नवे चोक घातले. येण्याजाण्याच्या वाटेवरच्या आणि मालाच्या रॅकवरच्या पट्ट्या साध्या चोकवरच ठेवल्या, पण लाल, पिवळ्या, निळ्या फेजवर एकाआड एक वाटून. एक मंदावते तेव्हा दुसरी चढलेली असते, त्यामुळे उजेडातला खड्डा बुजतो. मात्र यात एक धोका आहे. शेजारशेजारच्या पट्ट्यांत आता ४१५ व्होल्टचं अंतर आलं. म्हणून प्रत्येक फेजचा स्विच वेगळा ठेवला आणि त्यावर रंगाने खूण केली. उगाच कोणी शिडी लावून दोन पट्ट्यांत हात घालू नये. जळालेला ट्रान्सफॉर्मर भरून आणला आणि पिवळे दिवे परत मशीनवर बसवले. बिल बघून शेठ म्हणाले, "ट्यूब बदलायला बोलावलं होतं तुम्हाला." पैसे दिले, कुरकुरत का होईना.

पुलीचं गार्ड त्याच संध्याकाळी बसलं. ते मी नाही, मामांनी बसवलं, आणि पोराकडून बोल्ट आवळून घेतले. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम तेच. उजेड कितीही सुधारला तरी उघड्या पट्ट्यासमोर माणूस उभा करायचा नसतो.

हल्ली लोक विचारतात, ट्यूबलाईट बंदच होणार आहेत ना? होणार आहेत. त्यांच्यात पारा असतो, आणि पाऱ्याच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं की साध्या उजेडासाठीच्या लांब ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर थांबवायची. फुटलेली ट्यूब म्हणूनच केरसुणीने झाडू नये, खिडक्या उघडून ओल्या कागदाने टिपून घ्यावी. एलईडी आली म्हणून माझी चकती मात्र सुटलेली नाही. तिला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्येही तीच काटकसर चालते.

काढलेल्या साध्या चोकच्या पट्ट्या कोपऱ्यात पडल्या होत्या. मामांनी हळूच विचारलं, "यातली एक घरी लावली तर? तिथे पण डोकं दुखेल का?" त्यांचं घर कांजूरच्या चाळीत, एक खोली आणि मोरी. तिथे फिरणारं म्हणजे डोक्यावरचा पंखा, त्याला कोणी हात लावायला जात नाही. तांब्याचा चोक, दहा-बारा वॅट स्वतः खातो खरा, पण वर्षानुवर्षं चालतो आणि बिघडलं तर बहुतेक वेळा स्वस्तातला स्टार्टरच बदलावा लागतो. मी त्यातली चोक न गुणगुणणारी पट्टी निवडून दिली. "स्टार्टर तेवढा नवा घ्या, मामा. आणि व्होल्टेज कमी असेल तेव्हा पेटायला वेळ घेईल, लगेच कोणाला बोलावू नका."

त्यांनी दुसरी पट्टीही उचलली. मोरीसाठी, म्हणाले.