धरणाच्या पाण्यात नऊ मीटर खाली

शनिवारी सकाळी स्कूबाच्या कोर्समधल्या पहिल्याच डाइव्हला मी तीन मीटरवरून परत वर आले. डाव्या कानात दाभण टोचावा तशी कळ आली. मी पंजा आडवा हलवला, कानाकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. स्कूबात अंगठ्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, ‘वर चला’ असा होतो. आम्हाला शिकवणारे सर लगेच माझ्याबरोबर वर आले. काठावर बसले तेव्हा डोळे भरून आले होते. सहा रविवार स्विमिंग पूलमध्ये घालवले होते ते याच दिवसासाठी.

त्या सहा रविवारांबद्दल आधी सांगते. वय 41, पोहणं लहानपणापासून येतं, त्यामुळे न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं यात अडचण आली नाही. अवघड गेलं ते मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने फुंकून बाहेर काढणं. नाकात पाणी शिरलं की तोंडाने श्वास चालू ठेवायचा हे डोक्याला कळतं, छातीला कळत नाही. चौथ्या रविवारी ते जमलं. एक नियम सरांनी इतक्यांदा म्हणवून घेतला की झोपेतही म्हणेन: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत जवळपास दुप्पट होते, ती अडवली तर फुप्फुस फाटू शकतं.

आणि तब्येतीचा फॉर्म. पूर्वी समुद्रावर हौशी डाइव्ह केली होती तेव्हा तिथल्या माणसाने ‘ताई, सगळीकडे नाही लिहा, पटकन होईल’ असं म्हणून पेन हातात दिलं होतं. मला लहानपणी दमा होता. मी नाही लिहिलं आणि उतरले. त्या गोष्टीचा आजही राग येतो, स्वतःचाही. या वेळी सरांनी खरं लिहायला लावलं, डॉक्टरांकडे पाठवलं, फुप्फुसाची तपासणी झाली, सहीचा कागद आला, मगच पूलमध्ये उतरू दिलं.

धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची परवानगी होती, बोट होती, कुणाला त्रास झालाच तर म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर होता. नाव वाचून कुणी पोरं नुसती उडी मारायला गेली तर मला ते सहन होणार नाही. त्र्यंबक रोडने पुढे, अंजनेरी दिसत राहते, एवढं पुरे.

माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, डोंबिवलीचा मावसभाऊ. तो शनिवारी पहाटे कसारा घाट चढून थेट येणार होता. सरांनी त्याला शुक्रवारीच मुक्कामाला बोलावलं. कारण तेव्हा कळलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे आणि 300 मीटरच्या वरचं डाइव्हिंग उंचीवरचं धरतात. डोंबिवलीसारख्या सखल भागातून वर आलेल्या शरीरात इथल्या हवेच्या मानाने जास्त नायट्रोजन असतो, तो निघून जायला काही तास द्यावे लागतात. हिशोबही बदलतो. किती खोलीवर किती वेळ राहता येतं हे ज्या टेबलमध्ये बघतात, त्यात आमची नऊ मीटरची डाइव्ह दहा मीटरची धरायची. पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायच्या वजनाचंही तसंच. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड, ते माणसाला जास्त उचलतं. समुद्रात मला सहा किलो शिसं लागलं होतं, इथे चार पुरलं.

कानाची गोष्ट दुपारी सुटली. सरांनी विचारलं, ‘खाली जाताना कुठे बघत होतात?’ खाली, अर्थातच. हनुवटी छातीला टेकलेली, म्हणजे घशाकडून कानाकडे जाणारी नळी दाबलेली, आणि नाक धरून फुंकायला मी कळ येईपर्यंत थांबले होते. दाबामुळे कानातली हवा पहिल्या काही मीटरांतच सर्वांत झपाट्याने आक्रसते, म्हणून कान पृष्ठभागावरच मोकळे करायला सुरुवात करायची आणि मग दर हातभर अंतरावर, दुखायच्या आधी. जोर लावायचा नाही. नाही सुटला कान तर थोडं वर यायचं. हे सगळं वर्गात शिकवलेलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं. त्या दिवशी पुन्हा उतरले नाही. कानाला विश्रांती हवी होती.

रविवारी सकाळी जाळं काढायला धरणावर आलेले एक मामा आमची बोट बघून म्हणाले, ‘तिकडं नका जाऊ ताई, जाळं टाकेल आहे.’ त्यांनी हात करून नेमकी जागा दाखवली. जाळं ही धरणातली सर्वांत मोठी भीती, ते पाण्यात दिसत नाही. आम्ही दुसऱ्या बाजूला दोर सोडला.

या वेळी दोर धरून, पाय खाली, मान वर. एक हात नाकावर. टिक. पुन्हा टिक. तीन मीटर गेले, कान गप्प. पाच मीटरवर हिरवा उजेड चहासारखा झाला. आठ मीटरवर टॉर्चच्या पुढे हात केला तर बोटं दिसत होती, कोपराच्या पलीकडे भाऊ दिसत नव्हता. आमच्या दोघांत दीड मीटरची दोरी होती आणि ती मधूनमधून ओढली जायची: आहे. मी ओढायचे: मीही आहे. हातावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पाणी 21 अंश. तळाला पाय लागू द्यायचा नाही, गाळ एकदा उठला की सगळं संपलं. म्हणून फिन्स वरखाली मारायचे नाहीत, बेडकासारखे बाजूला. श्वास घेतला की क्षणभराने वर, सोडला की क्षणभराने खाली. त्या अंधारात माझ्या श्वासाचा आवाज सोडला तर काही नव्हतं, आणि मला भीती वाटत नव्हती.

मग टॉर्चमध्ये दगड आले. एकावर एक रचलेले. मी हात टेकवला. वर शेवाळाची मऊ साय, खाली दगड पक्का. बाजूने सरकत गेलो तरी संपेना, दोन हात उंचीचा, सरळ. पुढे बाभळीचा खुंट. चिलापीचं एक पिल्लू सांधीतून बाहेर आलं आणि आत गेलं. तो शेताचा बांध होता.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. त्यानंतर दुपारी आणखी एक डाइव्ह झाली. शनिवारी राहिलेल्या दोन मी पंधरा दिवसांनी पूर्ण केल्या आणि कोर्स झाल्याचं कार्ड मिळालं. सामान मात्र त्या रविवारीच धुऊन कोरडं केलं, एका धरणातले जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. भावाला संध्याकाळी ब्रह्मगिरी चढायची होती. सुमारे 1300 मीटर. डाइव्हनंतर अंगात जास्तीचा नायट्रोजन असताना इतक्या उंचीवर अजिबात नाही. ग्रुपमधल्या एकाने ओझरचं रात्रीचं विमान सोमवारवर ढकललं. मिसळ खायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

जाळं गोळा करून मामा काठावर आले होते. मी बांधाचं सांगितलं. त्यांनी कुठल्या बाजूला, किती लांब, खुंट कुठे, सगळं दोनदा विचारलं.

‘आमच्या आज्याचं वावर तिकडंच होतं,’ ते म्हणाले. ‘पाणी भरलं तव्हा मी नव्हतो. बांध उभा आहे का अजून?’

‘आहे मामा. एक दगडही हललेला नाही दिसला.’

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पुढल्या खेपेला याल तव्हा सांगा. मी होडी घेऊन येतो वर.’