अर्ध्या मिलिमीटरचा आटा : आमची वाटचाल

आमची फर्म आज स्क्रू मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जाडी मोजायचं हत्यार, बनवते, पण सुरुवात झाली दुरुस्तीपासून. दादा टूल रूममधला, मी ग्राइंडिंगवरचा. नोकऱ्या सोडल्या तेव्हा आमच्याकडे एक सर्फेस प्लेट (अगदी सपाट पाट), स्लिप गेजचा (अचूक जाडीच्या ठोकळ्यांचा) जुना संच, लॅपिंगची (बारीक घासून सपाट करायची) एक प्लेट आणि दोन ऑप्टिकल फ्लॅट (सपाटपणा तपासायच्या काचा) होते. काम मात्र भरपूर होतं. पिशव्या भरून मायक्रोमीटर यायचे. कुणाचा झीरो लागत नाही, कुणाचा रॅचेट (आवळायचा जोर सारखा ठेवणारं टोक) नुसताच टरटरतो, कुणाचा हातातून पडून फ्रेम वाकलेली.

झिजलेला मायक्रोमीटर उघडला की तो कसा वापरला गेला ते कळतंच, शिवाय बनवणाऱ्यानं कुठे विचार केला होता आणि कुठे नव्हता तेही दिसतं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच मायक्रोमीटरच्या स्क्रूचा एकच टप्पा झिजलेला असायचा. कारण साधं आहे. एका मशीनवर एकच जॉब (मोजायचा नग) चालतो, बाराशे वेळा बारा मिलिमीटरच मोजलं जातं, तेवढेच आटे (स्क्रूवरचे वळसे) नटमध्ये घासत राहतात. दुरुस्तीवाला काय करतो, तर स्लीव्हच्या (स्क्रूभोवतीच्या स्थिर नळीच्या) टोकाशी असलेला चिरा पाडलेला निमुळता नट आवळतो. झिजलेल्या जागेचा प्ले (ढिलेपणा) जातो, पण न वापरलेल्या जागी स्पिंडल (स्क्रूबरोबर सरकणारा दांडा) जाम होतो. मग ग्राहक म्हणतो, ‘दुरुस्तीनंतर जड झाला.’ त्याचं बरोबरच असतं. नट आवळून सगळ्या लांबीवर सारखा हलका फिरणारा स्पिंडल मिळवायचा असेल, तर मुळात सगळे आटे एकसारख्या जाडीचे आणि पुरेसे कडक हवेत. नटची पकडही लांब हवी, म्हणजे झीज दोन-चार आट्यांवर न पडता वाटली जाते. आम्ही डिझाइन शिकलो ते असं, उलट्या बाजूनं.

स्वतःचा मायक्रोमीटर बनवायचा हे दादाच्या डोक्यात आधी आलं. मला भीती वाटत होती. तत्त्व शाळेतल्या मुलालाही कळेल इतकं सोपं आहे. स्क्रूची पिच (एका फेऱ्यात सरकायचं अंतर) अर्धा मिलिमीटर, थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० घरं, एक घर म्हणजे ०.०१ मिमी. थिंबलचा व्यास साधारण १८ मिमी धरला तर परीघ ५६ मिमीच्या आसपास येतो. म्हणजे स्पिंडल अर्धा मिलिमीटर सरकतो तेवढ्यात थिंबलची कड ५६ मिलिमीटर फिरते. शतांश मिलिमीटरची हालचाल डोळ्यांपुढे एक मिलिमीटरहून मोठी होऊन येते. भिंग नाही, काटा नाही, दातेरी चाकं नाहीत. फक्त एक आटा.

या कल्पनेचा इतिहास मला फार आवडतो. विल्यम गॅस्कॉईन या इंग्रज खगोल अभ्यासकानं १६३८ च्या सुमारास दुर्बिणीत स्क्रू बसवून आकाशातली अंतरं मोजली. हेन्री मॉडस्ले यानं १८०५ च्या सुमारास आपल्या कारखान्यात टेबलावर ठेवायचा मायक्रोमीटर केला आणि त्याला ‘लॉर्ड चॅन्सलर’ म्हणायचे, कारण त्याचा निकाल शेवटचा. पण हातात धरायचं, सी आकाराच्या फ्रेमचं, स्लीव्ह आणि थिंबल असलेलं रूप आलं ते झां लोरां पामर याच्या १८४८ च्या फ्रेंच पेटंटमधून. फ्रेंच कामगार आजही या हत्याराला ‘पामर’च म्हणतात. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ब्राउन आणि शार्प या अमेरिकी कारखानदारांनी तो पाहिला आणि मग तो वर्कशॉपभर झाला. आराखडा मांडताना दादा म्हणाला, ‘आकार दीडशे वर्षांपूर्वीच ठरलाय. आपल्याला फक्त तो नीट करायचाय.’

हा आकार एवढा टिकला त्याला कारण आहे. एर्न्स्ट आबे यानं १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व सांगतं की मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच रेषेत हव्यात. व्हर्नियर कॅलिपरमध्ये जॉब जबड्यात आणि पट्टी बाजूला, त्यामुळे सरकता जबडा किंचित कलला तरी चूक थेट मापात येते. मायक्रोमीटरमध्ये जॉब, स्पिंडल आणि स्क्रू एकाच अक्षावर असतात. म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला मी आधी दोन्ही हत्यारं हातात देतो आणि कॅलिपरच्या जबड्याच्या टोकाशी आणि मुळाशी एकच पिन मोजायला लावतो. आबेचं नाव नंतर सांगतो.

पहिल्या बॅचचं सांगायलाच हवं, कारण आमची आजची पद्धत तिच्यातून आली.

चाळीस नग केले होते. स्पिंडलला पाणी दिलं (तापवून एकदम थंड करून कडक केलं), मग आटे ग्राइंड केले, ऐरण (समोरचं स्थिर टोक) आणि स्पिंडलच्या तोंडावर कार्बाइड (फार कठीण पदार्थ) बसवून लॅप केलं. तपासणी डोळ्यांत तेल घालून केली. झीरो लावला, मग ५, १०, १५, २० आणि २५ मिमीची स्लिप गेज एकेक करून मोजली. सगळे नग दोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आत. आमची मर्यादा चार मायक्रॉन होती. आम्ही खूश होऊन माल पाठवला.

तीन आठवड्यांनी एका ग्राहकाचा फोन आला. त्याच्याकडे सव्वाआठ मिलिमीटरच्या ग्राइंड केलेल्या पिना होत्या. आमचा मायक्रोमीटर त्यांना पास करत होता, कंपॅरेटर (प्रमाण मापाशी तुलना करणारं उपकरण) नापास करत होता. फरक पाच-सहा मायक्रॉनचा. मी स्लिप गेज घेऊन त्याच्याकडे गेलो, त्याच्यासमोर ५ आणि १० चं माप घेतलं. अगदी बरोबर आलं. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, माझी पिन सव्वाआठची आहे. पाचची नाही.’

परत आल्यावर स्लिप गेज जोडून ८.२५ चं माप केलं, ते मोजलं आणि पोटात गोळा आला. फरक खरा होता. रात्री दादानं कागदावर भागाकार मांडला. ५ भागिले अर्धा म्हणजे १० फेरे. १० म्हणजे २०. १५ म्हणजे ३०. आम्ही तपासलेलं प्रत्येक माप पूर्ण फेऱ्यांवर येत होतं. म्हणजे थिंबल प्रत्येक वेळी त्याच शून्याच्या रेषेवर उभं. फेऱ्याच्या मधे काय होतं ते आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं. ८.२५ म्हणजे साडेसोळा फेरे, बरोबर अर्ध्या फेऱ्यावर, जिथे चूक सर्वांत मोठी होती.

आटा लहरत होता. एका फेऱ्यात थोडा पुढे, थोडा मागे, आणि फेरा पुरा झाला की पुन्हा जागेवर. मूळ सापडायला आठवडा गेला. पाणी दिल्यावर स्पिंडलच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये (मशीनवर धरायच्या भोकात) खपली राहत होती आणि भोकही किंचित वेडंवाकडं होत होतं. ते साफ न करता आम्ही स्पिंडल सेंटरमध्ये धरत होतो. ग्राइंडिंग करताना जॉब प्रत्येक फेऱ्याला काही मायक्रॉन अक्षाच्या दिशेनं पुढेमागे होत होता आणि चाक ती हालचाल इमानदारीनं आट्यात उतरवत होतं.

चाळीसही नग परत मागवले. स्क्रू मोडीत काढले. तेव्हापासून पाणी दिल्यानंतर प्रत्येक सेंटर होल लॅप होतं, त्याशिवाय स्पिंडल ग्राइंडरवर चढत नाही. आणि तपासणीची स्लिप गेज आता २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.० अशी आहेत. हे आकडे विचित्र दिसतात म्हणून पूर्वी मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. ते आमच्या जन्माआधीपासून मानकांत आहेत. ५.१ म्हणजे १०.२ फेरे, ७.७ म्हणजे १५.४, १०.३ म्हणजे २०.६, १२.९ म्हणजे २५.८. प्रत्येक वेळी थिंबल वेगळ्या कोनात थांबतं. दोन्ही तोंडं समांतर आहेत का हे पाहायच्या काचांचंही तसंच. चार काचांच्या जाडीत साधारण पाव-पाव फेऱ्याचा फरक ठेवलेला असतो, म्हणजे स्पिंडल चार बाजूंना वळवून तपासला जातो. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली काच दोन तोंडांमध्ये धरली की काळ्या पट्ट्या दिसतात, आणि एक पट्टी म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉन. पट्ट्या मोजत बसायला मला अजूनही आवडतं.

पोलादाचंही एक आहे. पाणी दिल्यावर ते लगेच शांत होत नाही. आतली रचना महिनोन्महिने बदलत राहते आणि स्पिंडलची लांबी, आट्याची पिच किंचित हलते. म्हणून आम्ही पाणी दिल्यावर स्पिंडल गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड करतो, मग कमी आचेवर पुन्हा पुन्हा तापवतो, आणि त्यानंतरच शेवटचं ग्राइंडिंग. यात दिवस जातात. घाई असलेल्या ग्राहकाला मी नम्रपणे नाही म्हणतो.

रॅचेटबद्दल लोक फार कमी विचार करतात. ज्या आट्यामुळे हालचाल शंभरपटीहून मोठी दिसते, त्याच आट्यामुळे बोटांचा जोरही वाढतो. जोरात आवळलं तर फ्रेम उघडते आणि माप कमी येतं. रॅचेटचं काम हा जोर दर वेळी सारखा ठेवण्याचं. आम्ही तो ५ ते १० न्यूटनमध्ये ठेवतो, आणि प्रत्येक रॅचेट वजनकाट्यावर दाबून पाहिला जातो. लहान फ्रेमसाठी आमचा नियम असा की १० न्यूटनला ती २ मायक्रॉनपेक्षा जास्त वाकता कामा नये. पाठीमागची जाडी त्यावरून ठरली, दिसण्यावरून नाही.

मोठ्या मापांत शत्रू वेगळा आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिलिमीटरला ते जाणवत नाही, पण ३०० मिमीच्या सेटिंग रॉडला एका अंशानं साडेतीन मायक्रॉन होतात, आणि नुसत्या तळहातानं धरलं तरी अंश-दोन अंश सहज चढतात. म्हणून फ्रेमवर उष्णता अडवणाऱ्या पट्ट्या. ग्राहक त्या हातातून निसटू नये म्हणून लावल्यात असं समजतात. आम्ही प्रत्येक पेटीत लिहून देतो : मायक्रोमीटर आणि जॉब एकाच टेबलावर, एकाच तापमानाला येऊ द्या. मापाचं ठरलेलं तापमान २० अंश आहे.

डिजिटल डिस्प्ले का देत नाही असं बरेच जण विचारतात. देतो, गेल्या काही वर्षांपासून. अर्ध्या मिलिमीटरची रेषा नजरेतून सुटून ७.७८ ऐवजी ७.२८ वाचणं ही सर्वांत जुनी चूक त्यानं थांबते, आणि ते मोठं काम आहे. पण आमच्या डिस्प्लेच्या आत तोच आटा आहे. सेन्सर फक्त फेरे मोजतो. स्क्रू लहरत असेल तर डिस्प्ले ती लहर हजाराव्या भागापर्यंत स्पष्ट दाखवेल, आणि वाचणारा तिच्यावर जास्त विश्वास ठेवेल. म्हणून डिजिटल नगालाही तीच दहा स्लिप गेज लागतात.

सध्या न फिरणाऱ्या स्पिंडलवर काम चालू आहे. कागद, रबर, पातळ पत्रा मोजताना फिरणारं तोंड जॉबला पिळतं, आणि पातळ पत्र्यावर वर्तुळाकार ओरखडा उमटतो. स्क्रू फिरावा पण स्पिंडल सरळ सरकावा म्हणून त्याला खाच आणि चावी दिली आहे. चावी घट्ट बसवली तर स्पिंडल अडखळतो, सैल ठेवली तर दिशा बदलताना तोंड केसभर वळतं. तिसरा नमुना दादाच्या टेबलावर आहे. काल तो वीस हजार वेळा उघडझाप करून पुन्हा स्लिप गेजवर चढवला, आणि १७.६ ला अजून तीन मायक्रॉन जास्त दाखवतोय.