वीस मिनिटांत दोन अक्षरं

विनापरवाना रेडिओ ट्रान्समीटर चालवण्याचा नियम तीन ओळींचा आहे. १६० ते १९० किलोहर्ट्झ या पट्ट्यात ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला जास्तीत जास्त एक वॅट वीज द्यायची. अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी केबल आणि अर्थिंगची तार यांची मिळून लांबी पंधरा मीटरच्या आत ठेवायची. आणि पट्ट्याबाहेर सांडलवंड करायची नाही. एवढं पाळलं की अमेरिकेत परीक्षा नाही, परवाना नाही, कॉलसाइन म्हणजे सरकारनं दिलेली ओळखीची अक्षरं नाहीत. एफसीसी, म्हणजे इथलं रेडिओ-दूरसंचार खातं, त्याच्या नियमावलीतलं हे १५.२१७ क्रमांकाचं कलम. त्याखाली छोटे बीकन, म्हणजे आपली अक्षरं मोर्समध्ये सतत पाठवत राहणारे ट्रान्समीटर, लावून बसणाऱ्यांना इथे ‘लोफर’ म्हणतात, म्हणजे लो-फ्रीक्वेन्सी एक्सपेरिमेंटल रेडिओवाले. बायकोला मी हे कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "नाव अगदी बरोबर ठेवलंय."

आम्ही आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला राहतो. मी मूळचा सांगलीचा. घरी मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्या काचेवर मीडियम आणि शॉर्ट वेव्ह एवढ्याच पट्ट्या. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर लागायची आणि काटा त्याच्याही डावीकडे, मुंबईच्या ५५८ च्या पलीकडे नेला की नुसती खरखर. त्या खरखरीच्या पुढे काय असेल हा प्रश्न मला लहानपणी पडायचा असं म्हणलं तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर पडला नव्हता. तो पडला चाळिशीनंतर, आणि तोही स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळामुळे. हे घड्याळ रात्री आपलं आपण वेळ जुळवून घेतं. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून ६० किलोहर्ट्झवर डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी हे वेळेचं केंद्र चालतं, ते आमच्यापासून अकराशे किलोमीटरवर. दोनशे-अडीचशे रुपयांच्या लायकीचं ते घड्याळ अकराशे किलोमीटरवरचं ऐकतं, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर असून मला काही ऐकू येत नाही, हे मनाला लागलं.

पहिला हिवाळा फक्त ऐकण्यात घालवला. लाकडाची एक मीटर चौरसाची चौकट, तिच्यावर तारेचे वेढे, एक छोटा अँप्लिफायर आणि लॅपटॉपला जोडलेला एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर. लाँगवेव्ह, म्हणजे मीडियम वेव्हच्याही खालचा हा पट्टा, हा हिवाळ्यातल्या रात्रीचा खेळ. उन्हाळ्यात इथे सतत कुठे ना कुठे वीज कडाडत असते आणि प्रत्येक वीज या पट्ट्यात येऊन आदळते.

पण हिवाळ्यातही मला ऐकू आला तो एक अखंड घरघराट, १५० पासून थेट २५० पर्यंत. दोन आठवडे मी शेजाऱ्यांवर, विजेच्या खांबांवर आणि समोरच्याच्या सोलर पॅनेलवर संशय घेत होतो. शेवटी एका रविवारी लहान ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरलो आणि एकेक सर्किट ब्रेकर पाडत गेलो. फ्रीज निर्दोष. फर्नेस निर्दोष. आमच्या बेडरूमचा ब्रेकर पाडला आणि घरघराट गप्प झाला. उशाशी एक दिवा आहे, बोट लावलं की लागतो, परत लावलं की मंद होतो. बोट लागलेलं कळावं म्हणून त्याच्या पोटात एक ऑसिलेटर चोवीस तास चालू असतो, दिवा बंद असला तरी. आणि घरातली सगळी वायरिंग ही त्याची अँटेना. दिवा लग्नात मिळालेला, त्यामुळे वाटाघाटी लांबल्या.

तो हटला आणि पट्टा उघडला. १९० च्या वर विमानतळांचे दिशादर्शक बीकन, प्रत्येकाची मोर्समध्ये दोन-तीन अक्षरं, रात्रभर तीच तीच. कॅनडातले लगेच ओळखू येतात, कारण अक्षरांनंतर ते एक लांबलचक सूर ओढतात. चौकट हातानं फिरवली की एक बुडतो आणि दुसरा वर येतो. जीपीएस आल्यापासून असे बीकन बंद पडत चाललेत, म्हणून वहीत नोंद करताना थोडं गावातल्या जुन्या दुकानांच्या पाट्या उतरवून घेतल्यासारखं वाटायचं.

लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक सिग्नल रेघेच्या रूपात दिसतो. फेब्रुवारीत १८५ किलोहर्ट्झच्या आसपास तिथे एक फिकट रेघ दिसली. कानाला काहीच नाही. पण तासाभराचा पट एकत्र पाहिला तर रेघेत तुकडे होते, लांब आणि आखूड. ते मोर्स होतं, एकेक डॉट एकेक मिनिटाचा. कुणाचा तरी एक वॅट, परसातून आलेला. त्या रात्री ठरलं की आपलाही लावायचा.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. १८५ किलोहर्ट्झची तरंगलांबी सोळाशे मीटरच्या वर जाते. शहाण्या माणसाची अँटेना तिच्या पावपट हवी, म्हणजे चारशे मीटर. एम्पायर स्टेट बिल्डिंगचं छत ३८१ मीटरवर आहे. आणि आपल्याला परवानगी पंधराची. मी दहा मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा केला, माथ्यावर दोन-दोन मीटरच्या दोन तारा आडव्या, आणि खाली अर्ध्या मीटरची अर्थिंगची तार. साडेचौदा. माथ्यावरच्या तारा मोजायच्या की नाही यावर या मंडळींत वाद झडतात. मी मोजल्या, म्हणजे वादच नको.

एवढी बुटकी अँटेना म्हणजे विजेच्या दृष्टीनं एक लहानसा कपॅसिटर. तिला जुळवायला तिच्या बुडाशी प्रचंड कॉइल लागते. आमच्या तळघरात पाच गॅलनची प्लास्टिकची बादली मी उलटी बसवली आणि तिच्यावर तार गुंडाळायला घेतली. पावणेदोनशेच्या घरात वेढे, दीडशे मीटरहून जास्त तार. मुलगी मोजायला बसली होती. एकशे बारावर तिला भूक लागली, परत आली तेव्हा मी एकशे नऊ म्हणत होतो आणि ती एकशे सोळा. मग पट्टी लावून सेंटीमीटरमागे वेढे मोजले आणि दोघंही चूक निघालो. बादलीच्या आत एक लहान कॉइल दांडीवर बसवली. दांडी फिरवली की एकूण इंडक्टन्स थोडा कमी-जास्त होतो, बारीक जुळवणीसाठी.

या कॉइलच्या वरच्या टोकाला आठ-नऊशे व्होल्ट येतात. एका वॅटमधून! पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा दशांशचिन्ह चुकलं असं वाटून परत केला. म्हणून खांबाभोवती कमरेएवढं कुंपण आहे.

खरं काम मात्र जमिनीत होतं. नुसता तांब्याचा एक रॉड ठोकून सुरुवात केली तेव्हा अँटेनात करंट होता ८० मिलिअँपिअर. बाकीची वीज माती तापवत होती. उपाय एकच, खांबापासून चहूबाजूंनी तारा पुरायच्या, आणि त्याही जमीन गोठायच्या आत, कारण डिसेंबरात इथे कुदळ मारली तर ठिणगी उडते. ऑक्टोबरचे तीन शनिवार-रविवार मी हिरवळीत फट पाडत होतो आणि तार दाबत होतो. शेजारचे आजोबा, निवृत्त शेतकरी, दोन दिवस कुंपणापलीकडून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कुत्रा आणताय का? इथे कुत्रा अंगणाबाहेर जाऊ नये म्हणून जमिनीत तार पुरतात आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात लहानसा रिसीव्हर असतो. मी म्हणालो, तसंच काहीसं. ते घरी गेले आणि हिरवळीची कड कापायचं इंजिनचं यंत्र घेऊन आले. उरलेल्या पंधरा तारा एका दुपारी पुरून झाल्या. आयोवाची ती काळी, लोण्यासारखी माती. कृष्णाकाठच्या मळीच्या रानाची आठवण यावी अशी. चोवीस तारा, दहा-दहा मीटरच्या. करंट १२५ वर गेला. हवेत जाणारी ताकद करंटच्या वर्गात वाढते, म्हणजे जवळजवळ अडीचपट.

अडीचपट कशाच्या, तेही सांगून टाकतो. माझ्या एका वॅटपैकी लाटा बनून बाहेर पडतो तो साधारण एक तृतीयांश मिलिवॅट. बाकीचे ९९९ भाग कॉइल आणि आयोवाची माती खाते.

अक्षरं कोणती घ्यायची, हे आपलं आपण ठरवायचं असतं. मला सांगलीचं एसएनजी हवं होतं, पण एक मिनिटाचा डॉट आणि तीन मिनिटांचा डॅश म्हणलं की प्रत्येक अक्षर महाग पडतं. बायको म्हणाली, एम आणि आय घे. मी. डॅश डॅश, डॉट डॉट. तेरा मिनिटांत अक्षरं, सात मिनिटं विश्रांती, तासाला बरोब्बर तीन वेळा ‘मी’. याहून आत्मकेंद्री छंद मला माहीत नाही.

नोव्हेंबरात चालू केलं आणि गावाबाहेर गाडी नेऊन स्वतःच स्वतःला ऐकून आलो. मग तीन आठवडे काही नाही. मग विस्कॉन्सिनमधल्या एकाचं पत्र आलं, अडीचशे किलोमीटरवरून. सोबत पडद्याचं चित्र. रेघ होती, पण रात्री आठला जिथे होती तिथून पहाटेपर्यंत ती घसरगुंडीसारखी खाली उतरलेली. त्यानं सौजन्यानं लिहिलं होतं की तुमचा बीकन बहुधा थंडीत कुडकुडतोय.

खरंच कुडकुडत होता. केबलही पंधरा मीटरमध्ये मोजतात, त्यामुळे ट्रान्समीटर घरात ठेवून बाहेर केबल नेता येत नाही. तो खांबाच्या बुडाशीच बसवावा लागतो. रात्री तिथे उणे वीस. फ्रीक्वेन्सी ठरवणारा साधा क्रिस्टल तापमानाबरोबर सरकतो, दहा लाखांत वीस भाग सरकला तरी १८५ किलोहर्ट्झला जवळपास चार हर्ट्झ. साध्या रेडिओला हे कळणारही नाही. पण इतकी हळू मोर्स वाचणारा माणूस हर्ट्झच्या शंभराव्या हिश्शाच्या हिशेबात बघत असतो. त्याच्या दृष्टीनं मी गाव सोडून गेलो होतो. तापमान भरून काढणारा ऑसिलेटर मागवला, पाठोपाठ सगळं थर्मोकोलच्या खोक्यात घातलं. हे खोकं मुळात आंब्याच्या पेटीचं असतं तर गोष्ट पूर्ण झाली असती. ते गोठवलेल्या माशांचं होतं.

रेघ सरळ झाली. लगेच डिसेंबरात गोठणारा पाऊस पडला आणि पाइपवर, तारांवर बोटभर बर्फ चढला. बर्फानं अँटेनाची कपॅसिटी एक-दोन टक्के जरी वाढली तरी सगळी जुळणी एक-दोन किलोहर्ट्झ सरकते, आणि माझ्या कॉइलला एवढा सरका सोसत नाही. करंट ३० वर. रात्री अकराला डोक्याला टॉर्च बांधून, वीज बंद करून, बादलीतली दांडी एक अंश फिरवायची, मागे यायचं, चालू करायचं, मीटर बघायचं, परत बंद. असं चौदा वेळा. बोटं बधिर झाल्यावर आत येऊन पाण्याखाली धरली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, बर्फ वितळला, आणि दांडी परत होती तिथे आणावी लागली.

बाबांना दर रविवारी फोन असतो. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे बोलता येत नाही?"

"नाही."

"गाणं लागत नाही. आणि वीस मिनिटांत दोन अक्षरं." थोडा वेळ काही बोलले नाहीत. "पोस्टकार्ड परवडलं की रे."

जानेवारीतल्या एका शांत रात्री कोलोरॅडोच्या पूर्व टोकाकडून नोंद आली. जवळजवळ हजार किलोमीटर. म्हणजे भिंतीवरचं घड्याळ ज्या दिशेचं ऐकतं, साधारण त्याच दिशेला मी उलट बोललो होतो; फरक एवढाच की त्या केंद्राची ताकद ७० किलोवॅट आहे. चित्रात पहिला डॅश स्पष्ट, दुसरा अर्धा खाल्लेला, मग दोन ठिपके. खाली प्रश्न होता, तुम्ही मिशिगनमध्ये कुठे असता? एमआय हे मिशिगनचं टपाली लघुरूप आहे हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याला कळवलं की मी आयोवात आहे, आणि आमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ मी. त्यानं उलट विचारलं की मग ऐकणाऱ्यानं काय म्हणायचं.

बाबा पुढच्या रविवारी "ऐकव की" म्हणून धरून बसले. विस्कॉन्सिनवाल्यानं ध्वनिफीत दिली होतीच. सूर आधी एक हर्ट्झपर्यंत खाली उतरवला, गाळणीतून गाळला, आणि सहाशे पट वेगानं वाजवला. वीस मिनिटांचे दोन सेकंद झाले. डा डा, डिट डिट. मागे पावसासारखी खरखर. व्हॉट्सॲपवर पाठवला. इकडे रात्रीचे दहा, सांगलीत सकाळचे साडेनऊ. निळ्या खुणा झाल्या. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

"परत पाठव. आवाज कमी आहे."