वेगाची गाडी, सवडीचं काम

मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन, हा प्रकार अमेरिकेत घाईतून जन्माला आला. पोरांना पळायची घाई होती, कंपन्यांना त्या पोरांच्या खिशापर्यंत पोचायची. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने आपल्या मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं आणि जीटीओ काढली. खरं तर मूळ कंपनीचा, म्हणजे जनरल मोटर्सचा नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांच्या वर जायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि मंडळींनी पळवाट काढली. ही वेगळी गाडी नाहीच, जुन्याच गाडीवर मिळणारं जादा पॅकेज आहे, असं कागदावर दाखवलं. मंत्रालयात फाइल फिरवलेल्या कुणालाही या युक्तीचं कौतुक वाटेल. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर जीटीओ खपल्या आणि मग फोर्ड, शेवरोले, डॉज, प्लिमथ, सगळ्यांच्याच अंगात वारं शिरलं.

आणि आता त्याच गाड्या लोक घरच्या गॅरेजात वर्षानुवर्षं उघडून बसलेले असतात. आमच्या शेजारी अशी एक आहे. डेट्रॉइटच्या या उपनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा ती जॅकस्टँडवर, म्हणजे चाकं अधांतरी ठेवणाऱ्या लोखंडी तिवयांवर, होती, अजूनही आहे. पाव मैल पंधरा सेकंदांच्या आसपास कापणारी गाडी, पण जागची हललेली मी पाहिलेली नाही.

गाडी आहे १९६९ची प्लिमथ रोड रनर. हिची जन्मकथा मला फार आवडते. तोवर या वेगवान गाड्यांवर नखरे चढत गेले होते आणि किमतीही. प्लिमथवाल्यांनी सरळ हिशोब केला: इंजिन दणकट द्या, बाकी सगळं काढून टाका. कार्पेटऐवजी रबराची मॅट, साधी लांब सीट, किंमत तीन हजार डॉलरच्या आत. मात्र एका कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर मोजले, आणि त्या पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’ करणारा हॉर्न बसवला. कार्पेट नाही, पण हॉर्नला जांभळट रंग आणि वर ‘हा रोड रनरचा आवाज’ असं सांगणारं स्टिकर! गिऱ्हाईक कशाला भुलतं हे त्या माणसांना बरोबर कळलं होतं. बॉनेट उघडलं की शेजारी अजूनही आधी तो हॉर्न दाखवतात, इंजिन नंतर.

इंजिन ३८३ घन इंचांचं, म्हणजे ६.३ लिटर, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ३३५ अश्वशक्तीचं. हा आकडा तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर असली ओझी उतरवून मोजलेला. १९७२पासून खरे, गाडीत बसवल्यावरचे आकडे द्यायला लागले आणि कागदावरचे बरेचसे घोडे एका रात्रीत गायब झाले. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे. मी नोकरीत विजेवरच्या गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते, त्यामुळे हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पळायची सोय भरपूर आणि थांबायचं देवाच्या भरवशावर. पुढे तरी डिस्क ब्रेक घाला, असं मी दर भेटीत सांगते. शेजारी मान डोलावतात आणि ड्रमचे नवे शू मागवतात.

मिशिगनमध्ये जुनी गाडी मारतं ते मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर खडेमीठ टाकतात. ते चाकांबरोबर उडून पत्र्याच्या घडीघडीत जाऊन बसतं आणि आतून खातं. गंमत म्हणजे खुद्द डेट्रॉइट शहराच्या खाली, सुमारे १,२०० फुटांवर, मिठाची प्रचंड खाण आहे आणि रस्त्यावरचं मीठ तिथूनही येतं. ज्या शहराने या गाड्या घडवल्या त्याच्याच पोटातल्या मिठाने त्या संपवल्या. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, इथे मीठच खायला उठलं.

बाहेरून हे कळत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा चांगला गुळगुळीत दिसत होता. शेजाऱ्यांनी फ्रिजवरचा साधा लोहचुंबक घेतला, त्यावर कापड गुंडाळलं आणि पत्र्यावरून फिरवला. एका ठिकाणी चुंबक धरेना, सुळकन खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, होती. कुण्या जुन्या मालकाने भोकावर लांबी थापून, घासून, रंग मारून गाडी विकलेली. त्यांनी ती खरवडायला घेतली तेव्हा बोटाएवढे जाड पोपडे निघाले आणि शेवटी आतून गंजाची तपकिरी भुकटी भसाभसा खाली आली. भोकातून गॅरेजची पलीकडची भिंत दिसत होती. मला वाटलं, आता हे नाद सोडणार. ते शीळ वाजवत नवा पत्रा कापायला निघाले.

शेजारी आयुष्यभर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये होते, आता निवृत्त. त्यामुळे हात सराईत आणि स्वभाव चिवट. त्यांच्या टेबलावर झिपच्या पिशव्यांमध्ये नट-बोल्ट, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी आणि शेजारी फोटो, अशी मांडणी असते की लग्नातलं रुखवत आठवावं. अडकलेल्या बोल्टला जोर लावायचा नाही, हा पहिला नियम. तो टॉर्चने तापवायचा आणि मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि पान्याला बोल्ट हळूच दाद देतो. डाव्या बाजूच्या चाकांचे नट तर उलट्या आट्यांचे. प्लिमथची मूळ कंपनी क्रायस्लर, त्यांची समजूत अशी की त्या बाजूचं चाक पुढे फिरताना सरळ आट्यांचा नट सैल होईल. हे माहीत नसलेला टायरवाला नट सोडवतोय असं समजून आवळत बसतो आणि शेवटी स्टड मोडतो. बोल्टच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो, पण गंजाखाली तो कोण बघतो!

लहान भागांचा गंज काढायला प्लास्टिकचा टब आहे. त्यात पाणी, धुण्याचा सोडा, एका बाजूला टाकाऊ लोखंडी पट्टी आणि जुना बॅटरी चार्जर. ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार पट्टीला. थोड्या वेळात बारीक बुडबुडे सुटतात, पाण्यावर तांबूस फेस जमतो आणि दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट काळं, पण स्वच्छ निघतं. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवावं लागतं. आणि आमच्या वसाहतीचा नियम असा की गॅरेजचं दार विनाकारण उघडं ठेवू नये. वसाहतीकडून तक्रारीची पत्रं येतात आणि शेजाऱ्यांच्या पत्नी दर पत्राला अतिशय नम्र उत्तर लिहितात.

मागच्या सीटचं कव्हर उसवलं तो दिवस मात्र खास. स्प्रिंगांत एक पिवळा पडलेला, कोपरे उंदरांनी कुरतडलेला कागद निघाला. कारखान्यात गाडी लाइनवरून पुढे सरकताना कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठला रेडिओ हे कामगारांना सांगणारा तो तक्ता. काम झालं की तो कुणीतरी सीटमध्ये कोंबून द्यायचा. आज याच कागदाला सोन्याचा भाव आहे, कारण गाडी अस्सल असल्याचा तो पुरावा. शेजाऱ्यांनी तो चिमट्याने उचलला आणि दोन काचांमध्ये ठेवला. मी मनात म्हटलं, ज्याने हा कोंबला त्याने तो बोळा करून फेकलाच होता, केराची टोपली लांब होती इतकंच.

तेव्हापासून मला या छंदाचं खरं नवल वाटायला लागलं. प्रदर्शनातल्या स्पर्धेत उतरवायच्या गाड्यांवर हौशी लोक कारखान्यातल्या चुकासुद्धा पुन्हा करतात. तपासनिसाने खडूने मारलेली फुली, बोल्टवर ओघळलेला रंगाचा ठिपका, खालच्या बाजूला अर्धवट उडालेला फवारा, हे सगळं जुने फोटो बघून, मोजून-मापून काढतात. परीक्षकही तेच शोधतात. फार सफाईदार रंग असेल तर गुण जातात! आता त्या चुका कशाने झाल्या? वेगाने. लाइनवर दर मिनिट-दोन मिनिटाला पुढची गाडी यायची. १९६८च्या मे महिन्यात डेट्रॉइटला लागूनच असलेल्या डॉजच्या मुख्य कारखान्यात लाइनचा वेग वाढवल्याच्या विरोधात कामगारांनी अचानक काम थांबवलं होतं. त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची ‘ड्रम’ (डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट) नावाची लढाऊ संघटना उभी राहिली. त्या माणसांना रंग नीट मारायला सवड मिळाली नाही आणि आज निवृत्त माणसं त्याच ओघळाची नक्कल करायला अख्खा शनिवार देतात. मला यात थोडा अन्याय दिसतो आणि थोडं कौतुकही. निदान त्या बिननावाच्या हाताकडे कुणीतरी इतकं निरखून पाहतंय.

एकदा मी त्यांना सांगितलं की प्लिमथ आमच्याकडेही होती. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी याच क्रायस्लरशी करार करून मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जायला लागल्या. पुढे तिथेच फिएट आणि पद्मिनी आल्या. मला वाटलं, शेजारी हा इतिहास ऐकून भारावतील. त्यांनी पाना खाली ठेवला आणि विचारलं, “कुर्ल्यात अजून पार्ट मिळतील का?” सीएसटी रोडवरची ती भंगाराची दुकानं डोळ्यांपुढे आली आणि ठाम नाही काही मला म्हणवेना.

इंजिन सुरू झालं ते गेल्या उन्हाळ्यात. आधी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग, काढून, ड्रिलला षटकोनी दांडी लावून ऑइल पंप बाहेरून फिरवला. तेलाच्या दाबाच्या मीटरचा काटा वर सरकला तेव्हा शेजारी आणि माझा नवरा, दोघांनी मान डोलावली. मी म्हटलं, आता चावी फिरवून दोन मिनिटं ऐकू आणि बंद करू. तसं चालत नाही म्हणे. या जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, नवा असेल तर पहिल्या सुरुवातीलाच वीसेक मिनिटं दोन हजारांच्या वर फेरे ठेवावे लागतात. मंद फिरू दिला तर कॅमवर तेल नीट उडत नाही आणि पहिल्याच दिवशी त्याचे उंचवटे झिजतात. तेलही जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, मुद्दाम मागवलेलं.

सायलेन्सर अजून बसवलेला नव्हता.

पहिल्या खोकल्याला कार्बोरेटरमधून ज्वाळा उडाली. शेजाऱ्यांनी डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला आणि मग जे सुरू झालं त्याने आमच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायला लागली. नवऱ्याच्या हातात ठिणगीची वेळ तपासायचा टायमिंग लाइट, माझ्या हातात आग विझवायचा सिलिंडर, त्यांच्या पत्नीच्या हातात घड्याळ. रस्त्यापलीकडचे दोघे तक्रार करायला म्हणून आले आणि बॉनेटवर वाकून उभे राहिले. एकाने डोळे मिटले होते. विजेवरच्या गाडीपुढे कुणी असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलेलं नाही, आणि पोट मात्र माझं त्याच गाड्यांवर चालतं.

वीस मिनिटांनी इंजिन बंद केलं तर खाली तेलाचं थारोळं. मागचं ऑइल सील गळत होतं. म्हणजे इंजिन परत खाली उतरवायचं. शेजाऱ्यांचा चेहरा पडेल म्हणून मी बघायला गेले, तर ते नव्या चिठ्ठ्या लिहायला बसलेले. ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते, तिथे जायचं दरवर्षी ठरतं. यंदाही ठरलं आहे.

परवा त्यांनी ओहायोत आणखी एक रोड रनर पाहून ठेवल्याचं सांगितलं. इंजिन नाही, दरवाजे चांगले आहेत, फक्त पार्टांसाठी घ्यायची. तुमच्या गॅरेजात थोडे दिवस जागा होईल का, असं विचारत होते. त्यांच्या पत्नीने मागून मला हाताने ‘नाही’ची खूण केली. विचार करून सांगते, असं म्हणून मी घरी आले, तोवर नवऱ्याने सायकली हलवल्या होत्या.