२४ सप्टेंबर

रात्री साडेदहा. पाऊस थांबलाय, पागोळ्या अजून गळतायत.

सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष मी लिहिते. दोन ओळी मावतात. आजच्या तारखेला मात्र दरवर्षी खडू हातात धरून उभी राहते. १८७३ साली याच दिवशी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि १९३२ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. मध्ये ५९ वर्षं, गाव तेच.

पहिली ओळ लिहिताना हात अडत नाही. ज्यानं १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यानंच पुढं म्हणावं की देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको. बोलून थांबले नाहीत ते. १८७३च्याच डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलंसुद्धा.

दुसऱ्या ओळीत ‘करारावर सह्या झाल्या’ असं लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा क्लासला निघाला होता, वाचून थबकला. “काकू, करारात दोघंही काहीतरी देतात ना? मग कोणी काय दिलं?”

त्याला पायरीवर बसवून सांगितलं. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारनं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला तुरुंगात आमरण उपोषण मांडलं. करारात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या खऱ्या, पण निवडून देणार सगळे मिळून. गांधीजी वाचले, हे चांगलंच झालं. पण साऱ्या देशाची नजर आपल्यावर रोखलेली असताना बाबासाहेबांनी ती सही कशी केली असेल, हे मनात आलं की आजही गलबलतं. त्याच बाबासाहेबांनी पुढं १९४६ साली आपला एक ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. माझ्या मनात या दोन ओळी तिथं जोडल्या जातात.

दुसरी ओळ पुसली. नव्यानं लिहिलं : ‘१९३२ : पुणे करार. डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले.’ अक्षरं बारीक काढावी लागली.

संध्याकाळी क्लासहून येताना मुलगा पुन्हा फळ्यापाशी उभा. “फुलेवाडा लांब आहे का हो?”

“नाही रे, गंज पेठेत. रविवारी जाऊ.”